देवघरापुढं बसलं की डोळा लागतो

वाचकाचं पत्र (थोडं कमी करून)

ताई, स. न. वि. वि.

मी मिरज तालुक्यातल्या एका गावात राहते, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. वय सेहेचाळीस. माहेर माळकरी. वडील रोज दिवेलागणीला हरिपाठ म्हणायचे आणि आम्ही भावंडं मागं बसून म्हणायचो. लग्नानंतरही सकाळची पूजा आणि थोडं ज्ञानेश्वरीचं वाचन हा माझा नेम वीस वर्षं चालला.

दीड वर्षापूर्वी सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. 'हो' आणि 'आई गं' एवढंच तोंडातून येतं. तेव्हापासून पहाटे साडेचारला माझा दिवस सुरू होतो. त्यांचं आवरणं, डायपर, अंग पुसणं, भरवणं, मग डबे, मग शाळा. दुपारी शेजारच्या काकू बघतात. घरी आले की पुन्हा तेच. पूजा आता मिस्टर करतात, दोन मिनिटांत फुलं वाहून मोकळे. रात्री सगळं आटोपून मी देवघरापुढं बसते आणि बसल्या बसल्या डोळा लागतो.

नणंद पुण्याला असते. फोनवर म्हणते, "वहिनी, आईचं करताय तीच तुमची पूजा." कीर्तनातही हेच ऐकायला मिळतं. पण खरं सांगू का, डायपर बदलताना मला देव वगैरे काही दिसत नाही. वास येतो, कंबर दुखते. कधी त्यांनी भरवलेला घास थुंकला की मी ओरडते आणि मग मोरीत जाऊन रडते. माझी श्रद्धा गेली का?

दुसरं असं, की दिवसातून पाच वेळा हात मळात आणि अंघोळ एकदाच. अशा हातांनी पोथीला शिवलं, तोंडानं नाव घेतलं तर चालतं का? यंदा आषाढीला दोन दिवस पंढरपूरला जावंसं वाटतं. त्यांना सोडून गेले तर पाप लागेल का?

– एक वाचक

उत्तर

प्रिय ताई,

झोपेपासून सुरुवात करते. पहाटे साडेचारपासून पायावर असलेलं शरीर रात्री मांडी घालून, डोळे मिटून समईच्या उजेडात बसवलं तर ते झोपणारच. तुमच्या जागी एखादे मठाधिपती असते तरी घोरले असते. तेव्हा रात्रीचं ते बसणं आजपासून बंद करा. त्या वेळी सरळ पाठ टेका. देवाला द्यायचा तो वेळ जागेपणीचा असावा, दिवसभराच्या शेवटी उरलेला चोथा नसावा. जागेपणीचा वेळ आणायचा कुठून, ते पुढं बघू.

श्रद्धा गेली का, असं विचारलंत. श्रद्धा गेलेल्या माणसाला मळाच्या हातांनी पोथीला शिवावं का, हा प्रश्न पडत नाही. तुमचं गेलंय ते वेळापत्रक. वीस वर्षं अंघोळ, पाट, पोथी, उदबत्ती आणि घरातली माणसं उठण्याआधीची शांतता एवढं सगळं एकत्र मिळत होतं, त्यामुळं देव तिथंच भेटतो अशी मनाची सवय झाली. आता ती जागा हातची गेली, तर देवही गेला असं वाटतंय.

आता नणंदेचं म्हणणं. ते खोटं आहे असं मी म्हणणार नाही, पण ते कोण कुणाला म्हणतंय यावर त्याची किंमत ठरते. रोज पाच वेळा डायपर बदलणारी बाई स्वतःच्या अनुभवानं असं म्हणाली तर ऐकणाऱ्यानं मान झुकवावी. पुण्याहून फोनवर म्हटलं की त्यात थोडी सोय असते. सेवेला एकदा पूजा म्हणून टाकलं की ती वाटून घ्यायला नको, तिच्याबद्दल कुरकुर ऐकायला नको, आणि करणाऱ्या बाईला थकण्याचीही मुभा राहत नाही. हेच वाक्य घरातल्या पुरुषांना किती जण ऐकवतात, बघा जरा.

संतांच्या नावावर ते खपवलं जातं, ते मला जास्त खटकतं. सावता महाराज अरणचे. आज सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यात ते गाव आहे. मळ्यातलं काम टाकून ते कधी पंढरीला गेले नाहीत असं परंपरा सांगते, आणि त्यांच्या पुण्यतिथीला पांडुरंगाची पालखीच पंढरपूरहून अरणला जाते. भाजीच्या वाफ्यात त्यांना विठाई दिसली. ती त्यांना दिसली, त्यांच्या मळ्यात दिसली. जगातल्या प्रत्येकाला आपापल्या कामात ती दिसलीच पाहिजे, नाही दिसली तर भक्तीत खोट, असा हुकूम त्यांनी काढलेला नाही.

जनाबाईकडं तर मुद्दाम बघा, कारण तिचा दिवस तुमच्यासारखा होता. गंगाखेडची ही पोर नामदेवांच्या घरी दासी म्हणून राबली. दळण, कांडण, पाणी, शेण्या, केर. आणि तिच्या अभंगांत पुन्हा पुन्हा काय येतं? ती जात्यावर बसली की विठ्ठल येऊन खुंट्याला हात लावतो. ती झाडते आणि तो केर भरतो. जनीनं कामाला देव करून टाकलं नाही, देवाला कामाला लावलं. मला यात फार मोठा धीर वाटतो. आपण दमलोय, एकटीनं होत नाही, हे ती लपवत नाही. ते ती हक्काच्या माणसाला सांगावं तसं सांगते, प्रसंगी अरे-तुरे करून सांगते.

म्हणून डायपर बदलताना देव दिसत नाही याचं मनाला लावून घेऊ नका. दिसायची सक्ती नाही. त्या वेळी त्याला हाक मारता येते का, एवढंच बघा. "विठ्ठला, चादरीचं ते टोक धर रे, कंबर गेली माझी." प्रार्थना म्हणून एवढं पुरे. शब्द तुमचे, भाषा तुमच्या घरातली.

तुमच्या वडिलांमुळं हरिपाठ तुम्हाला पाठ असणार. त्याचा पहिलाच अभंग आठवा. देवाच्या दारात क्षणभर उभं राहण्याबद्दल तो आहे. तासभर पाटावर बसण्याचं ज्ञानोबांनी तिथं काही सांगितलेलं नाही. आणि दारात उभं राहायचे क्षण तुमच्या दिवसात आधीच ठरलेले आहेत. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला आणि माकडहाडाला जखमा होतात, हे डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलंच असेल. त्या वेळी दोन्ही हात त्यांच्या पाठीखाली घालायच्या आधी एक श्वास थांबायचं आणि एकदा नाव घ्यायचं. मग उचलायचं. इतकंच. याला नवा वेळ लागत नाही, लक्षात ठेवायला घड्याळ लागत नाही, आणि कमरेलाही बरं, कारण घाईत वाकून उचलणं थांबतं. पहिले काही दिवस विसराल. विसरलात तर पुढच्या वेळी घ्या, मागची थकबाकी काढू नका.

एक जागा शाळेतली. रोज परिपाठाला तुम्ही मुलांसमोर उभ्या असता. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना. बहुतेक शाळांत पसायदान, आणि मग दोन मिनिटांचं मौन. म्हणजे ज्ञानोबांनी विश्वात्मक देवाकडं मागितलेलं मागणं तुम्ही रोज सकाळी उभ्यानं म्हणत असाल, आणि वर मला लिहिता की प्रार्थना सुटली. मला ठाऊक आहे, त्या वेळी लक्ष कुठं असतं ते. मागच्या रांगेतला कोण चिमटे काढतोय, पोषण आहाराचं सामान आलं का, हजेरी भरायची राहिली. तरीही एक करून बघा. पसायदानातली कुठलीही एक ओळ त्या दिवसापुरती निवडा आणि तिच्यावर आल्यावर सासूबाईंचा चेहरा डोळ्यांपुढं आणा. दुसऱ्या दिवशी वाटल्यास त्या चिमटे काढणाऱ्याचा. बाकीच्या ओळी नेहमीसारख्या जाऊ देत.

सोवळ्याचं उत्तर थोडक्यात देते. वारकरी पंथात नामाला काळ-वेळ नाही आणि सोवळं-ओवळंही नाही. ज्या चोखोबांना देवळात शिरू दिलं नाही, त्यांची समाधी आज महाद्वारासमोर आहे, तिच्यापुढं डोकं टेकून लोक आत जातात. ज्यांनी त्यांना अडवलं त्यांची नावं कुणाच्या लक्षात नाहीत. तेव्हा नाव कुठल्याही अवस्थेत घ्या. पोथीसाठी साबणानं हात धुतले की पुरे, आणि ते धुणंही खरं तर सासूबाईंना आणि तुम्हाला जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून. देवाला मळाची शिसारी असती तर त्यानं माणसाचं शरीर असं केलंच नसतं.

आता ओरडण्याकडं येऊ. इथं दोन गोष्टी एकमेकींत अडकल्यात, त्या मी सोडवून बघते. देवावरचा राग आणि सासूबाईंवर निघणारा राग.

देवावरच्या रागाची काळजी सोडा. आपल्या संतांनी विठ्ठलाला जेवढं झापलंय तेवढं फार थोड्या देवांच्या वाट्याला आलं असेल. माझ्यापुरता देव मेला, असं तुकोबा एका अभंगात म्हणून गेले, आणि त्या अभंगाला गाथेबाहेर कुणी काढलं नाही. बायकांनी जात्यावर म्हटलेल्या ओव्या बघा. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ या दोघांनी पुण्यात राहून आपल्या सहकाऱ्यांबरोबर महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. दळायला बसलेली बाई पहिल्या ओव्या देवाला वाहते. जातं फिरत राहतं, आणि त्याच सुरात माहेरची आठवण येते, भाऊ येतो, सीतेचा वनवास येतो, सासुरवास येतो, नवऱ्याचा मार येतो. प्रार्थना कुठं संपली आणि गाऱ्हाणं कुठं सुरू झालं ते दाखवता येत नाही. त्या बायकांना कुणी सांगितलं नव्हतं की आधी मन निर्मळ करा, मग देवाचं नाव घ्या. पहाटेच्या अंधारात सगळंच्या सगळं त्या त्याच्यापुढं ओतायच्या.

आणि आवली आठवते मला. तुकोबांची बायको जिजाई. तुकोबांना चिंतनाला भंडाऱ्याचा डोंगर मिळाला, कारण घरी पोरं, गुरं आणि देणेकरी सांभाळून वर भाकरी घेऊन डोंगर चढणारी आवली होती. कीर्तनांत तिला कजाग म्हणून रंगवून लोकांना हसवतात, त्या वेळी मला हसू येत नाही. काळ्या विठ्ठलानं आपला संसार बुडवला म्हणून ती त्याला शिव्या घालायची. तिचीच एक आख्यायिका आहे. डोंगर चढताना तिच्या पायात काटा मोडला, आणि तो काढायला विठ्ठल स्वतः खाली बसला, तिचा पाय मांडीवर घेऊन. ज्याला ती शिव्या घालत होती तोच. कथा रचणाऱ्यांना काय म्हणायचं होतं कोण जाणे, पण वर बसून चिंतन करणाऱ्याच्या पायाला नव्हे, भाकरी घेऊन जाणारीच्या पायाला त्यानं हात लावला, हे मी विसरू शकत नाही.

सासूबाईंवर ओरडणं मात्र वेगळं. त्यांना उलट बोलता येत नाही, म्हणून ते थांबवायला हवं, आणि ते नुसत्या पश्चात्तापानं थांबणार नाही. आधी एक तपासा. अर्धांगाच्या झटक्यानंतर पुष्कळ रुग्णांना गिळायला त्रास होतो. घास थुंकणं, तोंडात धरून ठेवणं, पाणी पिताना ठसका लागणं, ही त्याची लक्षणं असू शकतात. तुम्हाला तो हट्ट वाटत असेल, आणि त्यांचा घसा साथ देत नसेल. भरवताना त्यांना पाठीला आधार देऊन नीट बसतं करा, घास लहान ठेवा, आधीचा गिळल्यावरच पुढचा द्या, आणि जेवण झाल्यावर अर्धा तास तरी आडवं करू नका. पातळ पदार्थांनीच ठसका लागत असेल तर ते घट्ट करून द्यायचे का, किती घट्ट, हे डॉक्टरांना विचारा. अन्न श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो, त्यामुळं हे टाळू नका. थुंकण्याचं कारण कळलं की निम्मा राग आपोआप उतरतो, असा पुष्कळ घरांतला अनुभव आहे. उरलेल्या निम्म्यासाठी वाटी खाली ठेवून खिडकीपर्यंत जाऊन या.

यातूनच मला एक सुचतंय आणि ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. झटक्यानं ज्यांची वाचा गेली आहे, अशा काही रुग्णांना साधं वाक्य बोलता येत नाही, पण लहानपणापासून पाठ असलेली आरती, गाणं, अंक हे कुणी सुरू करून दिलं तर म्हणता येतं. सुरात म्हणण्याच्या या क्षमतेचा वाचा-उपचार करणारे तज्ज्ञ उपयोगही करून घेतात. सगळ्यांना जमतं असं नाही, आणि तुमच्या सासूबाईंना जमेलच असं वचन मी देत नाही. पण त्यांच्या पिढीच्या बाईला आरत्या, भूपाळ्या, हरिपाठ यातलं काही ना काही पाठ असणारच. मग देवघरापुढं एकटीनं बसण्यापेक्षा संध्याकाळी त्यांच्या पलंगाशी बसून हरिपाठाचे चार-पाच अभंग चालीवर म्हणा. सगळा म्हणायला हवा असं नाही. ओळीचा शेवटचा शब्द त्यांच्यासाठी सोडा, जरा थांबा, त्यांच्या ओठांकडं बघा. आला तर आला. नाही आला तरी डाव्या हातात टाळ द्या किंवा तुमचा हात द्या, ठेका धरता येतो का बघा. मिस्टरांना तिथंच बसवा. दोन मिनिटांत फुलं वाहणाऱ्यांना पाच अभंगांचं निमंत्रण जड वाटेल, तरी बसवा. आई त्यांची आहे.

तुमच्या वडिलांच्या मागं बसून तुम्ही जे म्हणत होता ते असं परत घरात येईल. सेवा हीच पूजा म्हणण्यापेक्षा मला हे बरं वाटतं, कारण इथं सासूबाई पूजेचं साहित्य उरत नाहीत. त्या शेजारी बसून म्हणणाऱ्या होतात. बाईला बोलता येत नाही म्हणून तिची प्रार्थना थांबली असं आपण धरून चालतो. तिच्याही मनात देवाशी काही भांडण चालू असेल की.

नाव घेणं झालं. दिवसाकडं मागं वळून बघायला मात्र थोडी वेगळी जागा लागते, आणि त्यासाठी मी तुम्हाला जरा लांबची एक रीत सांगते. स्पेनमध्ये इग्नेशियस लोयोला नावाचा एक सरदार होता. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्यानं त्याचा पाय मोडला आणि तो कित्येक महिने घरी अंथरुणात पडून होता. घर सांभाळत होती त्याची भावजय मॅग्दालेना. वाचायला त्यानं शौर्याच्या कादंबऱ्या मागितल्या, त्या घरात नव्हत्या. मिळालं ते येशूचं चरित्र आणि संतांच्या कथा. पडल्या पडल्या त्याच्या लक्षात आलं की दरबाराची, लढायांची स्वप्नं रंगवताना मजा येते पण नंतर मन कोरडं पडतं, आणि त्या संतांसारखं जगावं असा विचार केला की नंतरही बराच वेळ बरं वाटत राहतं. कोणत्या विचारानंतर मन कसं होतं याच्यावर तो नजर ठेवू लागला. पुढं त्यानं जेझुइट नावाचा ख्रिस्ती साधूंचा संघ काढला, त्याला १५४० साली पोपची मान्यता मिळाली. त्या संघात रोज दोनदा, दुपारी आणि रात्री, थोडा वेळ थांबून दिवसाकडं असं बघण्याची रीत आजही आहे. ही रीत रुग्णाच्या खोलीत जन्मली, म्हणून तुम्हाला सांगावीशी वाटली. माळकरी घरात ती चालेल का, असं मनात आलं असेल, तर ज्ञानोबांनी देव विश्वात्मक म्हटलाय, एवढं सांगून पुढं जाते.

तुम्ही ती रात्री करू नका. शाळेतून आल्यावर, घरात शिरायच्या आधी पायरीवर पाच मिनिटं बसा. काकूंना सांगून ठेवा की मी आलेय पण पाच मिनिटांनी आत येते. कालच्या या वेळेपासून आत्तापर्यंत मन कुठं मोकळं झालं ते आठवा. मोठं काही शोधायला जाऊ नका. तिसरीतल्या एखाद्या पोराला हातच्याची वजाबाकी जमली असेल, सासूबाईंनी डाव्या हातानं तुमचं बोट धरलं असेल, काकूंनी न सांगता वाळत घातलेले कपडे काढून घड्या केल्या असतील. तिथं देव होता, असं लगेच म्हणायचीही घाई नको. नुसते आभार माना. मग मन कुठं आवळलं ते आठवा, आणि तेही जसंच्या तसं त्याला सांगा. उद्यासाठी एक काहीतरी मागा, एकच. उठा आणि आत जा. मार्क द्यायचे नाहीत. शिक्षिकेचा हात शिवशिवेल, तरी नाही द्यायचे. वहीत लिहायचंही नाही. असं महिना-दीड महिना बघितलंत की मन मोकळं होणाऱ्या जागा पुन्हा पुन्हा त्याच येतायत असं दिसू लागेल, आणि देव आपल्या दिवसात कुठून ये-जा करतो याचा थोडा अंदाज येईल. मला यापेक्षा मोठं आश्वासन देता येत नाही.

एवढं सगळं सांगून झाल्यावरही, तुम्हाला तुमची अशी वीस मिनिटं लागतीलच. कामात नाव घ्या, हे सांगणं सोपं. पण माणसाला कधीतरी हात रिकामे ठेवून बसावंसंही वाटतं, आणि त्यात लाड काही नाहीत. ही वीस मिनिटं मिस्टरांकडून घ्यायची. सकाळी त्यांनी पूजा दोन मिनिटांत उरकण्यापेक्षा आईचं तोंड धुणं, चहा पाजणं हे करावं, आणि पूजा तुमच्याकडं परत द्यावी. कामांची ही सरळ अदलाबदल आहे. ते म्हणतील, मला आईचं जमत नाही, ती संकोचते. पहिले आठ दिवस दोघंही संकोचतील, मग सवय होईल. देवघराचं दार असेल तर लावून घ्या.

अजून एक, जरा काळजीनं विचारते. झोपूनही थकवा जात नाही, पूर्वी आवडणारं काहीच आवडत नाही, भूक मेली आहे, नको हे जगणं असं मनात येतं, असं यातलं काही सलग दोन आठवडे चालू असेल तर त्याला श्रद्धेचा प्रश्न समजू नका. डॉक्टरांना दाखवा. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर फोन केला की मोफत मिळते, मराठीतही बोलतात. गोळ्या लागल्या तर घ्या. प्रार्थनेचं आणि औषधाचं वैर नाही.

राहिली पंढरी. पाप अजिबात लागणार नाही. पण आषाढीला जाऊ नका असं मी म्हणेन. त्या गर्दीत दर्शनबारीतच कित्येक तास जातात, आणि तुम्हाला गरज आहे ती बसायची, कुणाला न उचलता. शाळेला सुट्टी असेल तेव्हाचा एखादा साधा वार निवडा. मिरजेहून पंढरपूरला रेल्वे आहे. बारीत उभं राहायची ताकद नसेल तर मुखदर्शन घ्या; तेही नको वाटलं तर नामदेव पायरीपाशी डोकं टेकवा आणि कळसाला हात जोडा, वारकरी त्यालाही दर्शनच मानतात. चोखोबांना भेटा. दुसऱ्या दिवशी गोपाळपूरला जा, पंढरपूरला लागूनच आहे, तिथं जनाबाईचं म्हणून जातं दाखवतात. त्याच्याशेजारी हवा तेवढा वेळ बसा. तिथं डोळा लागला तर लागू द्या.

या दोन दिवसांत घरी कोण, हे तुम्हाला वाचता वाचताच सुचलं असेल. नणंदेला फोन करा आणि गोड आवाजात म्हणा, "वन्सं, आईचं करणं हीच पूजा असं तुम्हीच म्हणता. या शनिवार-रविवारी ती तुमच्या हातून होऊ दे." डायपर कुठं ठेवलेत, पेज किती घट्ट लागते, कूस किती वाजता बदलायची, हरिपाठाचा कुठला अभंग चालू आहे, हे एका कागदावर लिहून फ्रिजला चिकटवा. आणि रेल्वेचं तिकीट आधी काढा, फोन नंतर करा.